कॅमेरा उघडण्याआधी

दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल, तर पंधरा-वीस मिनिटं आम्हाला द्या. आता दसरा-दिवाळीची साफसफाई निघेल. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतील, दारात भंगारवाल्याची हाक येईल, आणि घाईघाईत नको ते घराबाहेर जाईल. त्याच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. ती आहे जुन्या कॅमेऱ्यांची. मोबाइलमधल्या नव्हे, रोल घालून चालवायच्या कॅमेऱ्यांची.

आम्ही आठ जणी गेली तीन वर्षं असे कॅमेरे गोळा करतो आणि चालवतो. करमाळा, माढा तालुक्यांतल्या काठावरच्या गावांतून, आणि माहेरच्या ओळखीनं पलीकडच्या इंदापूर तालुक्यातूनही. आजवर एकोणीस जमले. त्यांतले अकरा चालतात. पण आमची सुरुवात एका चुकीनं झाली. ती आधी सांगतो, म्हणजे तुमच्या हातून ती व्हायची नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्यातल्या एकीच्या घरी माळा साफ करायला आम्ही जमलो होतो. जुन्या वह्यांच्या खाली चामड्याच्या पिशवीत एक कॅमेरा निघाला. तिचे सासरे प्राथमिक शाळेत गुरुजी होते, त्यांचा. आम्ही तो अंगणात आणला, भर उन्हात. चहूबाजूंनी चाचपला, मागची खिटी सापडली, आणि मागचं झाकण उघडलं. आत कागदाची गुंडाळी होती. कुणीतरी ओढली. लांबच लांब पट्टी निघाली, पोरांनी ती हातात धरून अंगणभर पळवली. आम्ही हसत होतो. तेवढ्यात तिच्या सासूबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, गाव होतं त्यात.”

गुरुजींनी गाव उठायच्या आधी जुन्या गावठाणाचे फोटो काढले होते. रोल धुवायला टाकायचा राहिला होता. मग नवं घर बांधणं आलं, लेकीचं लग्न आलं, आणि रोल कॅमेऱ्यातच राहिला. चाळीसहून जास्त वर्षं त्या पेटीत अंधारात तो टिकला, आणि आम्ही दोन मिनिटांत घालवला. सासूबाई आम्हाला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, आपल्या भागात ही गोष्ट इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त लागते. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या आधीच्या काही वर्षांत भीमेकाठची गावं एकेक करून उठली. घराचे खण, तुळया, दारं, चौकटी बैलगाड्यांत घालून माणसं वर नव्या गावठाणात आली. देवळं, पार, आड, चावडी तिथंच राहिली आणि वर पाणी आलं. आता तिथं यशवंतसागर आहे. ऊस आला, कंदरची केळी परदेशात जायला लागली, चिलापी माशावर कितीतरी घरं चालतात. हे सगळं खरं. पण आपल्या आत्याबाई, आज्ज्या ज्या घरात नांदल्या ते घर दाखवायचं तर दाखवणार कुठून? त्या वेळी कॅमेरा होता कुणाकडे? शाळेच्या गुरुजींकडे, मुंबईला गिरणीत असलेल्या एखाद्याकडे, रेल्वेतल्या माणसाकडे, नाहीतर तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे. या काठावरच्या कितीतरी बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा आहे. म्हणून अशा कॅमेऱ्यात राहून गेलेला एखादा रोल म्हणजे आपल्यासाठी सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका मोलाचा कागद आहे.

आता घरात कॅमेरा निघाला तर करायचं काय, ते नीट सांगतो.

पहिलं, मागचं झाकण उघडायचं नाही. मुलांच्या हातात द्यायचा नाही. आधी तो कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार सापडतात. एक डबीसारखा साधा कॅमेरा. ॲग्फा क्लिक थ्री हा त्यांतला घरोघरचा, आपल्याच देशात तयार व्हायचा. दुसरा भात्याचा कॅमेरा. झाकण पाडलं की लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा काळा पडदा पुढं येतो आणि त्याच्या टोकाला भिंग असतं. तिसरा स्टुडिओवाल्यांचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, याशिका किंवा रोलीफ्लेक्स. वरच्या भिंगातून बघायचं आणि खालच्या भिंगातून फोटो निघायचा. फोटोवाला मान खाली घालून वरून बघतोय, हे तुम्ही लग्नात पाहिलं असेल. तो नम्र होता म्हणून नव्हे, त्याची काचच वर होती. आणि त्या काचेत माणूस डावीकडे सरकला की उजवीकडे सरकलेला दिसायचा.

हे तिन्ही बहुतेक करून १२० नंबरच्या रोलवर चालतात. कोडॅक कंपनीनं हा रोल १९०१ साली काढला, आणि तो आजही मिळतो. सव्वाशे वर्षांत त्याचं माप बदललेलं नाही, म्हणून तर आजोबांचा कॅमेरा नातीला चालवता येतो. फिल्म साधारण सहा सेंटिमीटर रुंद, तिच्या पाठीला कागद. चौकोनी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो बसतात, लांबट फोटो काढणाऱ्यात आठ.

या कॅमेऱ्यांच्या पाठीला बहुधा लाल काचेची बारीक खिडकी असते. सावलीत धरून तिच्यात बघा. आकडा किंवा बाणासारखी खूण दिसली, तर आत रोल आहे. आकडा दिसतो तो पाठीच्या कागदावरचा. मग कॅमेऱ्याची वरची चावी सावकाश पुढं फिरवत राहायची. आकडे संपतात, कागद संपतो, चावी हलकी पडते. आता सगळी फिल्म दुसऱ्या रिळावर घट्ट गुंडाळली गेली आणि कागद तिच्यावर पांघरुणासारखा आला. अंधाऱ्या खोलीत झाकण उघडा, गुंडाळी सैल पडू न देता कागदाच्या पट्टीनं चिकटवा, स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. चावी फिरतच नसेल तर जोर लावू नका. दारं-खिडक्या बंद करून, रात्री, वाकळेखाली हात घालून नुसत्या स्पर्शानं रीळ काढता येतं. आधी दिवसा एखाद्या रिकाम्या कॅमेऱ्यावर डोळे मिटून सराव करा.

नव्वद सालच्या आसपासच्या कॅमेऱ्यांत छत्तीस फोटोंचा बारीक रोल असतो, पत्र्याच्या डबीतला. त्यात रोल आहे का, हे ओळखायला डाव्या हाताची गुंडाळायची कळ हलकेच फिरवा. अडकल्यासारखी लागली तर आत रोल आहे. तळाचं बटण दाबून, तीच कळ फिरवून फिल्म डबीत परत घ्यायची आणि मगच झाकण उघडायचं.

रोल हातात आला की तो धुवायला कुठं द्यायचा? इथं दुसरी ठेच लागते. काळापांढरा रोल रंगीत फोटोंच्या मशीनमध्ये टाकला तर चित्र पुसलं जातं, कोरी पट्टी हातात येते. कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, आणि रंगीत मशीनच्या रसायनांचं कामच चांदी काढून टाकायचं. म्हणून ज्याला काळापांढरा रोल हातानं धुता येतो अशाच माणसाकडे द्या. पुण्या-मुंबईला असे हौशी लोक आहेत. आणि त्याला सांगा, रोल जुना आहे, चाळीस-पन्नास वर्षांचा. तो त्याप्रमाणे सांभाळून करतो.

आता आमच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट. पलीकडच्या काठावर आमच्यातल्या एकीच्या मावशी राहतात. त्यांच्या थोरल्या दिरांचा भात्याचा कॅमेरा त्यांनी आमच्याकडे धाडला. आम्ही शहाण्या झालो होतो. सावलीत नेऊन लाल खिडकीत पाहिलं. आकडा दिसला ८. म्हणजे दिरांनी आठ फोटो काढले होते आणि बाराच्या रोलवर चार जागा मोकळ्या होत्या. गाव उठताना त्यांचा हात तिथं थांबला होता.

ते चार कोरेच धुवायला पाठवायचे का? आमच्यात बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, हात लावू नका, एकदा शिकलोय ते पुरे. दुसरीचं म्हणणं, चावी पुढं तर फिरवावीच लागणार, मग कोऱ्या जागा वाया का घालवायच्या? शेवटी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “दाजींनी गाव भरलेलं काढलं, तुम्ही आता आहे तसं काढा.”

ते साल होतं २०२४. त्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये किती खोल गेलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. ११७ टीएमसीचं आपलं धरण, त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्याचं, आणि तो मृतसाठाही निम्म्याहून जास्त उपसला गेला होता. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उघडं पडलं, लांबलांबून लोक ते बघायला आले. इकडं आम्ही मावशींना धरून त्यांच्या जुन्या गावठाणात गेलो. गाळाला भेगा पडलेल्या, शिंपले पायाला टोचत होते. घरांचे नुसते पाये उरलेले. मावशी न विचारता चालत गेल्या, एका उंबऱ्याच्या दगडापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, “इथं माझी चूल. इथं म्हस बांधायची. इथनं पाण्याला जायचं.” पाणी आता मैलभर लांब होतं.

आमच्याकडे चार फोटो होते, पाचवा नाही. मोबाइल असता तर शंभर काढले असते आणि घरी येऊन एकही बघितला नसता. इथं एकेका फोटोसाठी आम्ही दहा-दहा मिनिटं बोलत बसलो. उंबरा घ्यायचा का पाया? मावशी उभ्या की बसलेल्या? ऊन कुठून आहे? मावशीच म्हणाल्या, “मला बसलेली काढा, चुलीपुढं मी बसलेलीच असायची.” रोल थोडा आणि महाग असला की माणूस आधी बघायला शिकतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

अशा कॅमेऱ्यात उजेड मोजायचं यंत्र नसतं. त्याला एक सोपा हिशोब आहे. भर उन्हात भिंगाच्या छिद्राचा आकडा १६ ठेवायचा आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. म्हणजे १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, नाहीतर त्याच्या जवळचा सव्वाशेवा. पातळ ढग असतील तर छिद्राचा आकडा ११, दाट ढग असतील तर ८, झाडाच्या सावलीत ५.६ किंवा ४. आकडा लहान झाला की छिद्र मोठं होतं, हे फक्त ध्यानात ठेवा. फिल्म जुनी झाली की तिची नजरही मंदावते. दर दहा वर्षांमागे उजेड दुप्पट द्या, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून भर उन्हातही आम्ही छिद्र ५.६ वर आणि शटर पन्नासावर ठेवलं. हिशोब केला तर हा सोळापट उजेड होतो.

पुण्यातल्या एका हौशी माणसानं तो रोल धुऊन दिला. दिरांच्या आठांपैकी पाचांवर नुसता धुरळा. तीन मात्र कळण्यासारखे आले. एकात देवळाच्या पायऱ्या. एकात पारावर बसलेली माणसं, तोंडं डागाळलेली. आणि एकात तुळया, दारं रचलेली बैलगाडी आणि तिच्याशेजारी शेळीला धरून उभी असलेली एक बाई, पाठमोरी. आमच्या चारांपैकी दोन आले. त्यांतल्या एकात मावशी त्या दगडापाशी बसलेल्या आहेत. एकाच पट्टीवर, एकापुढं एक.

ती पाठमोरी बाई कोण, यावर त्या गावात दोन दिवस चर्चा चालली. एक म्हणे आमची आत्या, दुसरी म्हणे आमची आजी. शेवटी एका म्हाताऱ्या आजोबांनी गाडीचा बैल ओळखला. त्याचं एक शिंग मोडकं होतं. बैलावरून गाडी कळली, गाडीवरून घर, आणि घरावरून बाई. तिच्या नातवानं तो फोटो मोठा करून नव्या घरात लावलाय. तिचा दुसरा एकही फोटो नाही. तोंड दिसत नाही, तरी लावलाय.

यानंतर आम्ही ठरवलं की जमवलेले कॅमेरे कपाटात मांडून ठेवायचे नाहीत, चालवायचे. जमवणारे मोठमोठे लोक आहेत. मुंबईचे दिलीश पारेख १९७७ सालापासून जुने कॅमेरे जमवत आले आणि ४,४२५ कॅमेऱ्यांसाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. तेवढं आपल्याला जमायचं नाही आणि जागाही नाही. पण कॅमेरा चालता राहिला तरच टिकतो, हे आम्हाला अनुभवानं कळलं. शिवणयंत्र वर्षभर न चालवता ठेवलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आतलं तेल घट्ट होतं. कॅमेऱ्याचंही तसंच. महिन्यातून एकदा, रोल नसला तरी, शटर दहा-बारा वेळा दाबायचं. सेकंदभर उघडं राहणारं शटर दोन सेकंद रेंगाळलं किंवा अडकलं, तर आतलं तेल गोंदासारखं झालंय असं समजा.

आणि इथं हात जोडून सांगतो, शिवणयंत्राचं तेल त्यात घालू नका. आमच्यातल्या एकीनं घातलं. शटरची पाती कागदाइतकी पातळ आणि कोरडीच असावी लागतात. तेल लागलं की ती एकमेकींना चिकटतात. तो कॅमेरा अजून बंद आहे.

आपल्याकडचा दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. धरणाकाठी पावसाळ्यात मीठ ओलं होतं, लोणच्याला बुरशी येते, तशी ती भिंगालाही येते. टॉर्च लावून भिंगातून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. फार वाढली तर काचेवरचा मुलामा खाते आणि मग साफ केली तरी डाग राहतो. त्यासाठी चार गोष्टी करा. चामड्याच्या पिशवीतून कॅमेरा बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि औषधाच्या, चपलांच्या डब्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जपून त्यात टाका. बुरशी लागलेला कॅमेरा चांगल्याबरोबर ठेवू नका. आणि ऑक्टोबरच्या उन्हात, पापड-कुरडया वाळवतो तसं, तासभर हवा द्या. मात्र भिंग सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. भिंगानं कागद जळतो हे आपण लहानपणी केलंय. काही कॅमेऱ्यांचं शटर कापडाचं असतं, त्याला तसंच भोक पडतं.

सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर सेल काढून ठेवा, आत फुटून खारवतात. पण सेल नाही म्हणून कॅमेरा मेला असं समजू नका. पेन्टॅक्स के थाउजंड हा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत असलेला कॅमेरा घ्या. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. शटर स्प्रिंगवर चालतं. वर सांगितलेला उन्हाचा हिशोब येत असेल तर सेलवाचून सगळा रोल काढता येतो.

आता खर्चाचं. आज एक रोल घेऊन धुऊन घ्यायचा तर हजार रुपयांच्या पुढं जातो. आमच्या आठ जणींत मिळून आम्ही दोन महिन्यांत एक रोल घेतो. एकीच्या वाट्याला दीड फोटो येतो. हसू नका, त्या दीड फोटोवरून आमची भांडणं होतात. पूर्वी आपल्या देशातच, उटीला, हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० साली स्थापन झालेला. त्याचे ‘इंदू’ नावाचे रोल आणि कागद गावोगावच्या स्टुडिओत असायचे. तो बंद पडला आणि आता रोल बाहेरच्या देशांतूनच येतात.

धुण्याचा खर्च मात्र घरी वाचवता येतो, आणि तो आपल्याच स्वयंपाकघरात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गानं शोधून काढलं की साध्या इन्स्टंट कॉफीनं फिल्म धुता येते. पुढं त्याची कृती बसली. एक लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड ५४ ग्रॅम, सी जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, याच क्रमानं विरघळवायची. पाणी २० अंशांवर हवं आणि वेळ १५ मिनिटं. सोडा वासाचा, रंगाचा नको. खड्यांचा असेल तर त्यात पाणी असतं, तो जास्त लागतो. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी तिशीच्या वर असतं. आम्ही रात्री माठातलं पाणी घेतो आणि भांडं बर्फाच्या परातीत ठेवतो. फिल्म पूर्ण अंधारात काळ्या डब्यात भरायची, झाकण लागलं की पुढचं उजेडात चालतं. वास फार घाण येतो. भांडी वेगळी ठेवा, त्यांत पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. आणि ज्यात जुनं गाव असेल असा रोल कॉफीत घालू नका. तो जाणत्याकडेच द्या. आपल्या आजच्या रोलवर हात बसवा.

कॉफीनंतर चित्र पक्कं करायला हायपो लागतो. वापरलेला हायपो धरणात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतायचा नाही. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते आणि ती माशांना बाधते. ज्या पाण्यावर आपली घरं चालतात त्यात ते नको. आम्ही तो कॅनमध्ये साठवतो आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या हाती लॅबला पाठवतो. ते चांदी काढणाऱ्याकडे देतात.

हिवाळ्यात भिगवणकडे, डिकसळच्या पुलाकडे रोहित पक्षी बघायला माणसं येतात, हातभर लांब लेन्स घेऊन. आपल्या पोरी त्या लेन्सकडे बघत राहतात. त्यांना सांगा, घरातल्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स निघत असेल तर तीही कामाची आहे. जुन्या पेन्टॅक्सच्या, रशियन झेनिटच्या लेन्सला ४२ मिलिमीटरचे आटे असतात, बरणीच्या झाकणासारखे. एक कडं मध्ये बसवलं की ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. फोकस हातानं करावा लागतो, पक्षी उडायच्या आत जमत नाही. पण बाजारात चिलापी विकणारी मावशी, गोधडी शिवणारी आजी, यांचे फोटो आमच्यातल्या एकीच्या लेकीनं तशा लेन्सनं काढलेत. लग्नाचे फोटो काढणाऱ्या तिच्या मामेभावानं त्यानंतर तिला एका लग्नात सोबत नेलं, आणि तिचे पैसे तिच्या हातात दिले.

हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हणालं तर दोन नावं सांगा. एक सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांनी १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. ती सरस्वतीबाई अंधारात पाडत. फिल्म धुवायला मदत करत, उन्हात चादर धरून उजेड पाडत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. दुसरं नाव होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. पुढं दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन त्यांनी स्वातंत्र्याचा सगळा काळ टिपला. २०११ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांचा रोलीफ्लेक्स म्हणजे आपल्या स्टुडिओवाल्याचा तोच दोन डोळ्यांचा कॅमेरा.

शेवटी एवढंच. दारात येऊन जुना कॅमेरा मागणारे आता वाढलेत. दोनशे-तीनशे हातावर ठेवतात. विकायचा तर विका, तुमच्या घराची अडचण तुम्हाला ठाऊक. पण त्याआधी लाल खिडकीत बघा, आणि कॅमेऱ्यासोबत असलेली निगेटिव्हची पाकिटं कधीही देऊ नका. कॅमेरा दुसरा मिळेल. निगेटिव्ह म्हणजे मूळ, तिच्यावरून फोटो कितीही निघतात. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढं जुने फोटो घेऊन आजच बसा. फोटोच्या मागं शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं लिहा. बायकांची नावंसुद्धा लिहा, नुसतं ‘अमक्याची आई’ नको.

त्या गुरुजींच्या कॅमेऱ्याचं काय झालं, असं विचाराल. तो आम्ही पुसून चालता केला. सासूबाईंना म्हणालो, यातला पहिला फोटो तुमचा काढतो. त्या नको म्हणाल्या. मग एक दिवस आपणहून अंगणात आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, “आता आत रोल घातलाय ना नीट?” तो फोटो आला आहे. त्याच्या मागं आम्ही त्यांचं नाव लिहिलंय, आणि त्यांच्या जुन्या गावाचंही.